वाटसरूचं नेटवर्क

नांदुऱ्याला गाडीतून उतरायचं, एकशेपाच फुटी मारुतीला लांबूनच हात जोडायचे आणि पूर्णा ओलांडून उत्तरेकडे जाणारी एसटी धरायची. सातपुड्याची निळसर रेघ ठळक व्हायला लागली की जळगाव जामोद आलंच. या वाटेवर इंटरनेट मिळतं का, असं आज कुणी विचारलं तर बसमधली कॉलेजची पोरं हसतील. मिळतं की! शेजारची आजी नातीशी व्हिडिओ कॉलवर बोलत असते आणि मागच्या सीटवरचा कुणीतरी सगळ्या गाडीला रील ऐकवत असतो.

प्रश्न वेगळाच आहे. इंटरनेट मिळतं ते कुणाला? ज्याच्या खिशात रिचार्ज केलेला, स्वतःच्या नावावरचा भारतीय नंबर आहे त्याला. ज्याचा फोन गर्दीत मारला गेला, ज्याचा पॅक काल संपला, जो परदेशातून आला आहे किंवा ज्याच्याकडे फोन मुळातच नाही, अशा माणसाने तालुक्याच्या या गावी हातात शंभराची नोट घेऊन “पाच मिनिटं इंटरनेट द्या हो” म्हणत कुणाच्या दुकानात जायचं? सेवा केंद्रात उत्पन्नाचा दाखला मिळेल, पीकविम्याचा अर्ज भरून मिळेल. पण संगणक आपल्या हाती देत नाहीत, आणि अर्ज भरतानाही ओटीपी आपल्याच फोनवर येतो. तीस वर्षांपूर्वी याच माणसाला मुंबईला निरोप द्यायचा असता तर चौकात पिवळी पाटी शोधली की काम झालं असतं. दीडशे वर्षांत संपर्काचं जाळं टप्प्याटप्प्याने आपल्या जवळ येत गेलं, थेट खिशापर्यंत आलं. मात्र ते खिशात शिरलं तेव्हा परगावच्या माणसासाठी असलेली खिडकी बंद झाली. हे कसं झालं ते नीट पाहायला हवं, कारण ते आपोआप झालेलं नाही.

वऱ्हाडात पहिलं जाळं माणसांसाठी आलंच नव्हतं, ते कापसासाठी आलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि तिथल्या व्यापाऱ्यांची नजर आपल्या काळ्या जमिनीकडे वळली. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोचली, वाटेत मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्थानकं झाली. खामगाव तेव्हा कापसाची नामांकित पेठ होती. तिथून जलंबपर्यंत जेमतेम आठ मैलांचा फाटा टाकला गेला आणि त्याच्या उद्घाटनाला मार्च १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. आठ मैलांच्या रुळांसाठी व्हाइसरॉय! खामगाव–जालना मार्गाची मागणी ब्रिटिश अमदानीपासून आजपर्यंत निवेदनांतच फिरते आहे, हे आठवलं की त्या आठ मैलांमागची निकड कळते.

रुळांसोबत तार आली. त्याच वर्षी ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजाने मुंबईपासून एडनपर्यंत समुद्राच्या तळाशी केबल अंथरली आणि जूनमध्ये मुंबई–लंडन समुद्री तारमार्ग पुरा झाला. सुएझ कालवा आदल्याच वर्षी, नोव्हेंबर १८६९ मध्ये खुला झाला होता. लिव्हरपूलच्या दलालाने तारेने मागणी नोंदवावी आणि साधारण सहा आठवड्यांत वऱ्हाडचा कापूस मर्सी नदीच्या धक्क्यावर उतरवून घ्यावा, इतकं हे यंत्र जुळून आलं. उमरावतीच्या नावाने ‘ऊमरा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या त्या कापसाचा भाव परदेशात आधी ठरायचा. बैलगाडीत बोंड भरून निघालेल्या शेतकऱ्याला तो सगळ्यांत शेवटी, बाजारात पोचल्यावर कळायचा. आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात याच तारेने धान्याची भाववाढ एका पेठेतून दुसरीत काही तासांत पोचवली. पूर्वी एका गावची टंचाई दुसऱ्या गावच्या भावात उतरायला आठवडे लागत. तारेच्या बाजूने पुष्कळ बोलता येईल, पण ती उपाशी माणसाच्या बाजूने उभी राहिली नाही, एवढं वऱ्हाडाने तरी विसरू नये.

जळगाव जामोद या सगळ्यापासून थोडं अंतर राखून होतं. तालुका तेव्हा अकोला जिल्ह्यात होता. १९०५ च्या फेररचनेत खामगावबरोबर तो बुलढाण्यात आला. रेल्वे तेव्हा आली नाही, अजूनही आलेली नाही. तरी तारेच्या व्यवस्थेत एक गोष्ट होती, आणि माझा सगळा रोख तिच्यावरच आहे. १८५५ मध्ये तार सामान्यांसाठी खुली झाली तेव्हा सोळा शब्दांना चारशे मैलांपर्यंत एक रुपया असा दर होता. रुपया तेव्हा लहान नव्हता, पण दर ठरलेला होता आणि खिडकी सगळ्यांना एकच होती. पुढे पोस्टाच्या ओट्यावर, लिहिता न येणाऱ्याला लिहून देणारा बसू लागला. तू कुठला, तुझ्या नावावर तार आहे का, असं विचारायचा प्रश्नच नव्हता, कारण तार कुणाच्याच नावावर नव्हती. परगावचा माणूस आणि गावचा सावकार एकाच खिडकीतून बोलत.

पुढच्या काळाबद्दल फार लिहायला नको. घरोघरच्या म्हाताऱ्यांना तो पाठ आहे. दारात तारवाला दिसला की आधी रडारड व्हायची, मग तार वाचली जायची. ट्रंक कॉल ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग अशा तीन जातींचे असत. ऑर्डिनरी लावून माणूस जेवून यायचा, झोपून उठायचा, आणि लागलाच तर ऑपरेटर मध्येच “तीन मिनिटं झाली” म्हणून आठवण करायची. कानपूर–लखनौ अशी पहिली एसटीडी १९६० मध्येच सुरू झाली होती, पण वऱ्हाडातल्या तालुक्यांना तिची वाट पुढची दोन-अडीच दशकं पाहावी लागली.

मग पिवळे बूथ आले. १९८४ मध्ये सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने सी-डॉट उभं राहिलं आणि उन्हाधुळीत, वातानुकूलनाशिवाय चालणारं १२८ जोडण्यांचं ग्रामीण एक्स्चेंज तिथल्या अभियंत्यांनी तयार केलं. पहिलं १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला बसलं. त्यापाठोपाठ एसटीडी-आयएसडी-पीसीओ ही तीन लघुरूपं देशभर पसरली. बूथ देताना अपंगांना प्राधान्य होतं, त्यामुळे अनेक गावांत तीनचाकी सायकलवरचा माणूस गावाच्या संपर्काचा मालक झाला.

त्या बूथची रचना आठवून पाहा. प्लायवूडची खोली, एक माणूस कसाबसा मावेल एवढी. काचेचं दार, आत हलणारा किंवा न हलणारा पंखा. रिसीव्हरच्या वर लाल आकड्यांचा मीटर, सेकंदागणिक पुढे सरकणारा. बाहेर टेबलावर किर्र आवाज करत पावती छापणारं यंत्र. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, म्हणून साडेदहापासूनच बाकावर माणसं जमायची: नोकरीवरून आलेला मास्तर, मुंबईला मुलगा असलेली बाई, कापसाच्या गाडीवरचा परराज्यातला ड्रायव्हर. आतला जास्त बोलायला लागला की बाहेरून हाक यायची, “आटप ना बाप्पा, मीटर पयून राह्यलं!” त्या ड्रायव्हरची भाषा वेगळी होती, तो पुन्हा त्या गावात येणारही नव्हता. त्याने मीटरवर दिसले तेवढे पैसे दिले आणि निघून गेला. संपर्क साधायला त्याला स्वतःचं काहीही बाळगावं लागलं नाही. भारतात परक्या माणसाच्या इतक्या सोयीची व्यवस्था पुन्हा झाली नाही, असं मी तर बिनदिक्कत म्हणेन.

इंटरनेटही सुरुवातीला याच वळणाने आलं. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला ते सामान्यांना खुलं केलं, तेव्हा अडीचशे तासांच्या साध्या खात्यालाही पाच हजार रुपये पडत आणि गती अशी की एक छायाचित्र उतरेपर्यंत चहा पिऊन व्हावा. एवढे पैसे एकट्याने कोण भरणार? म्हणून ते वाटून घेण्याची जागा निघाली. १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि पुढच्या काही वर्षांत सायबर कॅफे तालुक्यांपर्यंत आले. तासाला अमुक रुपये, अर्ध्या तासाला निम्मे. दहावी-बारावीचे निकाल, रेल्वेचं आरक्षण, परदेशातल्या भावाचा ईमेल. गोव्यात आणि वेरूळ-अजिंठ्याला पाठीवर पिशव्या घेऊन फिरणाऱ्या परदेशी तरुणांचा तर तो जीवनमार्गच होता. गावात उतरलं की आधी खोली, मग कॅफे.

सहकाराच्या महाराष्ट्राने आणखी एक प्रयोग केला, त्याची नोंद इथे हवीच. १९९८ मध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांत वारणा खोऱ्यातल्या सत्तर गावांत संगणकाचे बूथ बसवले गेले. ऊस उत्पादकाने गावातच आपल्या उसाचं वजन आणि हिशेब पाहावा, ही कल्पना. काही वर्षांनी संशोधकांना दिसलं की शेतकरी त्या संगणकाचा उपयोग जवळपास तेवढ्याच एका कामाला करतात, आणि ते काम साध्या मोबाईलवरच्या एसएमएसनेही होतं. तसा पर्यायही यशस्वी करून दाखवला गेला. हिशेबाच्या दृष्टीने तो निर्णय चोख होता. पण पुढे सगळीकडे जे घडायचं होतं त्याची ती रंगीत तालीम होती: सामायिक जागेतलं यंत्र काढायचं आणि काम ज्याच्या-त्याच्या खिशात ढकलायचं. खिसा रिकामा असलेल्याचं काय, हा प्रश्न उसाच्या हिशेबात येत नव्हता.

खिडकी बंद कधी झाली, याची तारीखही जवळपास सांगता येते. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत स्फोट झाले आणि त्याच्या काही मिनिटं आधी जबाबदारी घेणारा ईमेल आला. माग काढत पोलीस पोचले नवी मुंबईत सानपाड्याला, एका अमेरिकी रहिवाशाच्या घरी. त्याच्या घरच्या वायफायला पासवर्ड नव्हता; तेच कुणीतरी वापरलं होतं. पुढच्या महिन्यात असाच एक ईमेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या नेटवर्कवरून गेला. मग २६ नोव्हेंबरचा मुंबईवरचा हल्ला झाला. त्यानंतर मुंबईत पोलीस गाडीत लॅपटॉप घेऊन उघडी वायफाय शोधत फिरू लागले. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार खात्याने आदेश काढला की सार्वजनिक जागी वायफाय द्यायचं तर वापरणाऱ्याची ओळख पटली पाहिजे. २०११ मध्ये सायबर कॅफेंसाठी नियम आले: ओळखपत्र तपासा, नोंद वर्षभर जपा, लाकडी आडोसा साडेचार फुटांपेक्षा उंच नको. कॅफेवाल्याच्या टेबलावर जाड रजिस्टर आलं आणि त्यातला ‘येण्याचे कारण’ असा रकाना बघून बरेचजण दारातूनच परतले.

ही खबरदारी अकारण होती, असं कुणी म्हणणार नाही. माणसं मेली होती. पण त्या काळजीचं व्यवस्थेत रूपांतर करताना एक आळस झाला, आणि तोच आपण आजही भोगतो आहोत. २००९ च्या आदेशात ओळख पटवायचे दोन मार्ग होते: एक, ओळखपत्राची प्रत ठेवून पासवर्ड द्या, दुसरा, ग्राहकाच्या मोबाईलवर एसएमएसने पासवर्ड पाठवा. पहिल्याला खिडकीवर माणूस बसवावा लागतो, दुसऱ्याला लागत नाही. साहजिकच सगळ्यांनी दुसरा उचलला. म्हणजे परक्या माणसाला बाहेर ठेवा असं कायद्याने कुणाला सांगितलंच नव्हतं. माणूस बसवण्याचा पगार वाचवताना तो बाहेर राहिला.

उरलंसुरलं काम सप्टेंबर २०१६ नंतरच्या स्वस्त डेटाने केलं. जे आधी महिनाभर पुरवून वापरायचं ते दिवसाला मिळू लागलं. कॅफे झेरॉक्सची दुकानं झाली, बूथ पानटपऱ्या झाले. तार तर २०१३ च्या जुलैमध्येच गेली होती. स्वस्त डेटाला नावं ठेवण्यात अर्थ नाही; त्याने शेतमजुराच्या हातात जे दिलं ते आधीच्या कुठल्याही सरकारने दिलं नव्हतं. पण सार्वजनिक खिडक्या तोट्यात जाऊन एकामागून एक मिटत असताना, आता सगळ्यांकडेच फोन आहे असं आपण गृहीत धरलं.

ते गृहीतक कुठे ठेचकाळतं ते बघायला रेल्वे स्थानकावरचं मोफत वायफाय लावून पाहा. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून हे सुरू झालं, आता हजारो स्थानकांवर आहे, आणि पहिला अर्धा तास फुकट आहे. फोनवर पान उघडतं. एक रकाना, त्याच्या डाव्या हाताला अधिक एक्क्याण्णव छापलेलं, पुढे दहा अंकांची जागा. अधिक एक्क्याण्णव खोडता येत नाही. लोणारचं विवर पाहायला आलेल्या जर्मन भूशास्त्रज्ञाचा नंबर त्या जागेत बसणार नाही. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला आईला घेऊन आलेल्या न्यू जर्सीच्या मुलाचाही बसणार नाही, आणि तो तर इथलाच, वऱ्हाडातला. त्याचा जुना भारतीय नंबर रिचार्ज न केल्याने केव्हाच दुसऱ्या कुणाला दिला गेला. बँकेचा ओटीपी आता कुठल्या अनोळखी माणसाला जातो कोण जाणे. मग तो मावसभावाच्या फोनचा हॉटस्पॉट लावतो. देशभर पाहुण्यांचं इंटरनेट आज असं नातेवाइकांच्या हॉटस्पॉटवर चाललं आहे. ज्याला मावसभाऊ नाही त्याने काय करावं?

त्याने सिमकार्ड घ्यावं, असं उत्तर मिळतं. परदेशी माणसाला त्यासाठी पासपोर्ट, व्हिसा, फोटो आणि ओळखीच्या एका स्थानिक माणसाचा नंबर लागतो. मुंबईच्या विमानतळावर हे जमून जातं, कारण तिथला विक्रेता रोज तेच करतो. तालुक्याच्या दुकानात परदेशी पासपोर्ट कसा नोंदवायचा हे त्या दुकानदाराने कधी केलेलंच नसतं, त्यात त्याचा दोष नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने ई-व्हिसावर आलेल्या पर्यटकांना फुकट सिम द्यायला सुरुवात केली होती. त्यात पन्नास रुपयांचा टॉकटाइम होता आणि डेटा ५० एमबी. ‘अतिथी देवो भव’चा एवढा काटेकोर हिशेब दुसरीकडे पाहायला मिळणार नाही. बरं, कुणी हुशारीने डोंगरात फिरायला म्हणून खिशात उपग्रहाशी जोडणारं यंत्र आणलं, तर ते विनापरवाना बाळगल्याबद्दल आपल्याकडे अटक होते, आणि तशा अटका झालेल्या आहेत.

डोंगराचा विषय निघालाच आहे तर तालुक्याच्या उत्तरेला चला. भिंगारा, चाळीसटापरी, गोमाल ही सातपुड्यातली वस्ती, भिलाला, निहाल, कोरकू समाजाची. सपाटीवरच्या गावांत खारपाणपट्ट्यामुळे पिण्याच्या पाण्याची रड, आणि डोंगरात रस्त्याची आणि रेंजची. घाट चढायला लागलं की कधी कधी पलीकडच्या मध्य प्रदेशातला टॉवर आधी पकडतो. रोमिंगला वेगळे पैसे पडायचे तेव्हा तर आपल्याच गावाच्या शिवारात उभं राहून माणूस परराज्यात गेल्याचे पैसे भरायचा. डोंगरातल्या माणसासाठी जळगाव जामोदचा बाजार हाच परगाव. तिथे उतरून त्याला रेशनचा अंगठा, बँकेचा ओटीपी, मजुरीचा हिशेब सगळं जाळ्यावरच करायचं असतं. लोणारला आलेला जर्मन आणि भिंगाऱ्याहून उतरलेला मजूर यांची अडचण नेमकी एकच आहे, हे आपल्याला सहसा दिसत नाही.

अशा जागांसाठी काय करता येतं आणि काय करू नये, याची दोन्ही उदाहरणं जवळच आहेत. याच सातपुड्याच्या रांगेत, मेळघाटातल्या हरिसालला २०१६ मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून मिरवलं गेलं. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत राज ठाकरेंनी “लाव रे तो व्हिडिओ” म्हणत त्या गावाच्या जाहिरातीची आणि प्रत्यक्ष गावाची चित्रफीत एकापाठोपाठ दाखवली आणि सभा हसली. मला त्या हसण्याचं वाईटच वाटलं होतं, कारण हरिसालची गरज खरी होती. उलट आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ या प्रकल्पाने दूरदर्शनच्या रिकाम्या लहरी वापरून पालघरच्या गावांत जाळं नेऊन दाखवलं. २०१७ मध्ये त्याला मोझिलाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं, तरी गावच्या जत्रेत त्याचं नाव कुणी घेत नाही. नेपाळात महाबीर पुन या शिक्षकाने पोखऱ्याहून नांगी या आपल्या डोंगरी गावापर्यंत घरगुती अँटेना जोडत, झाडांवर यंत्रं बांधत इंटरनेट नेलं, तेही रेडिओ यंत्रांवर निर्बंध असताना. २००७ ला त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जळगाव जामोद तालुक्यात निरोपाची एक फार जुनी पद्धत अजून चालू आहे, तिच्याकडे या निमित्ताने बघायला हवं. भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. अठरा धान्यं गोल रचायची, मधल्या खड्ड्यात मातीची ढेकळं, त्यावर पाण्याचा करवा, त्याच्यावर पापड, पुरी, कुरडई. रात्रभर तिथे कुणी जायचं नाही आणि पहाटे काय सरकलं, काय विखुरलं त्यावरून पाऊसपाणी, पिकं आणि राज्याचं भाकीत सांगायचं. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांचा त्याला विरोध आहे आणि शास्त्राच्या बाजूने पाहिलं तर तो रास्तच आहे. मला त्यातलं भाकीत महत्त्वाचं वाटत नाही, माणसांचं जाणं-येणं वाटतं. खानदेश, मराठवाडा, विदर्भातून शेतकरी येत, पहाटे ऐकत आणि पायी, बैलगाडीने, पुढे एसटीने आपापल्या गावी ती बातमी नेत. येणारा परका माणूसच तेव्हा जाळं होता. त्याची खातिरदारी करणं गावाच्या फायद्याचं होतं. आता भाकीत फोनवर थेट दिसतं आणि माणूस भेंडवळपर्यंत जात नाही. परक्याशिवाय आपलं अडत नाही असं झाल्यावर त्याची सोय पाहण्याची सवयही जाते. पाणपोईवर कुणी आधार कार्ड मागत नाही, पण त्या पाणपोईच्या शेजारीच उभ्या असलेल्या माणसाला साधी बसची वेळ बघायला स्वतःचं सिम लागतं.

या जाळ्याची किल्ली कुणाकडे असते, याचाही विसर पडू नये. १८८५ चा तार कायदा इंटरनेटवर थेट २०२४ पर्यंत राज्य करत होता; २०२३ चा दूरसंचार कायदा टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला तेव्हा कुठे तो मागे पडू लागला. त्याच जुन्या कायद्याच्या आधारे इंटरनेट बंदीचे २०१७ चे नियम झाले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत, मे २०२३ मध्ये अकोल्यात दंगलीनंतर इंटरनेट बंद केलं गेलं. अशा बंदीची कारणं लेखी द्यावी आणि ती बेमुदत नसावी, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात बजावलं आहे. बंदी लागली की स्थानिक माणूस शेजाऱ्याला विचारतो. प्रवासाला निघालेल्याकडे तिकीट, नकाशा, पैसे, लॉजचा पत्ता, सगळं त्याच बंद पडलेल्या चौकोनात असतं.

तर आता करायचं काय? नवी योजना काढायची गरज नाही, असलेल्या बऱ्याच आहेत. ग्रामपंचायतींपर्यंत तारेचं जाळं नेणाऱ्या भारतनेटला, तेव्हाच्या वेगळ्या नावाने, ऑक्टोबर २०११ मध्येच मंजुरी मिळाली. तार अनेक पंचायतींच्या भिंतीपर्यंत पोचलीही आहे, पण ती खोली कुलूपबंद. ९ डिसेंबर २०२० ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम-वाणी’ मंजूर केली. तीत किराणा दुकानदार, चहावाला, कुणीही परवान्याशिवाय आणि शुल्काशिवाय वायफाय विकू शकतो, आणि त्या दुकानाला ‘पब्लिक डेटा ऑफिस’ म्हणायचं. पीसीओच्या धाटणीचंच नाव. एवढं सुचलं, पण लाल मीटर मात्र सुचला नाही. ग्राहकाला पुन्हा ॲप उतरवायला आणि ओटीपी भरायला सांगितलं. ज्याच्याकडे इंटरनेट नाही त्याने ॲप कशावर उतरवायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. एसटीनेही २०१७ च्या सुमारास बसमध्ये वायफायचे डबे बसवले होते. त्यातून आधी भरून ठेवलेले सिनेमे दिसत, इंटरनेट नव्हे. तेही पुढे गळून गेले.

क्यूबाचं सरकार मोकळं आहे असं त्याचे मित्रही म्हणणार नाहीत. पण २०१५ च्या जुलैमध्ये त्यांनी शहरांतल्या बागांत वायफाय लावलं आणि तासाचं खरवडायचं कार्ड विकायला काढलं. संध्याकाळी बागेत माणसं कार्ड खरवडत बसलेली, त्यात पर्यटकही. महाग होतं, हळू होतं, पण कार्ड विकत घेता येत होतं. आपल्याकडेही मनात आलं की वाट निघते. रेल्वेच्या तिकीट संकेतस्थळावर परदेशी नंबरने नोंदणी करता येते, शंभर रुपये आणि कर भरून. जानेवारी २०२३ मध्ये दहा देशांतल्या अनिवासी भारतीयांना तिथल्या नंबरवरून यूपीआय वापरायची मुभा मिळाली. जी-ट्वेंटीच्या वर्षी परदेशी पाहुण्यांसाठी पासपोर्टवर चालणारं पैशाचं पाकीटही निघालं. पैसे यायचे असले की अधिक एक्क्याण्णव खोडता येतं.

जळगाव जामोदला एसटीचं आगार आहे. तिथे खिडकी आहे, खिडकीत माणूस आहे, आणि तो रोज पासांसाठी विद्यार्थ्यांची ओळखपत्रं तपासतोच. २००९ च्या आदेशातला पहिला मार्ग त्याच्या टेबलावरून आजही चालू करता येईल: पासपोर्ट, मतदार कार्ड, जॉबकार्ड, काय असेल त्याची प्रत ठेवायची, वर्षभर जपायची आणि पंधरा मिनिटांचा आकडा छापलेली चिठ्ठी हातात द्यायची. शेजारच्या टेबलावर एक जुना संगणक आणि चार्जिंगच्या चार पिना, म्हणजे फोन नसलेल्याचं आणि बंद पडलेल्याचंही भागेल. पाच रुपये घ्या, दहा घ्या. जिल्हा नियोजन समितीच्या रकमेत हे कुठल्याही सुशोभीकरणाच्या कमानीपेक्षा स्वस्तात बसेल, आणि आगारातून सुरू झालं की शेगाव, लोणार, नांदुरा इथे ते नेता येईल. अडचण एकच निघेल, ती म्हणजे ही चिठ्ठी द्यायचं काम नेमकं कुठल्या खात्याचं, परिवहनाचं की माहिती तंत्रज्ञानाचं.